आधी शिवा, मग कापा : मोज्यापासून पहिलं खेळणं

मुलांसाठी कापडी खेळणं शिवायचं असं मनात आलं की बहुतेकजण आधी कापड शोधतात, मग कागदी नमुना, आणि तिथेच अडतात. मी प्रत्येकाला सांगते, मोज्यापासून सुरुवात करा. मोजा नळीसारखा बंद विणलेला असतो. त्याच्या एका टोकाला गोलाई असते आणि मधोमध टाचेचा फुगवटा. साध्या कापडात असा फुगवटा आणायचा तर चुण्या घालाव्या लागतात, तुकडे जोडावे लागतात. मोज्यात तो आयता मिळतो. हा फुगवटा कुठे वापरायचा एवढं ठरलं की खेळण्याचा निम्मा आराखडा तयार होतो.

या लेखात एक ससा अथपासून इतिपर्यंत शिवू. मोज्याचं एक जोड पुरतं आणि मशीन नसली तरी चालतं. हाताने शिवायला सवडीच्या दोन दुपारी लागतील असं धरून चला.

मोजा निवडताना

पोटरीच्या निम्म्यापर्यंत येणारा, मोठ्या माणसाच्या मापाचा सुती मोजा पहिल्या खेपेला उत्तम. थोडं लायक्रा असलेलं बरं, कारण त्यामुळे भरल्यावरही वीण आपल्या जागी राहते. अगदी पातळ नायलॉनचे मोजे घेऊ नका. ते ताणले की आतलं पांढरं भरण दिसतं आणि एक घर सुटलं की सगळी ओळ उसवत जाते. जाळीदार विणीचेही नकोत. जुने मोजे वापरायला काहीच हरकत नाही. फक्त टाच उजेडासमोर धरून पाहा, पलीकडचं दिसत असेल तर तो मोजा हात किंवा शेपूट करण्यापुरता ठेवा. नक्षीचा मोजा असेल तर तो उलटा करून आत डोकवा. रंग बदलतो तिथे मागे मोकळे धागे लोंबत असतात. कापताना ते तुटतात आणि नक्षी सैल पडते, म्हणून अशा मोज्याला प्रत्येक शिवण दुहेरी घाला.

नवा असो की जुना, मोजा आधी धुऊन पूर्ण वाळवा. सुती वीण पहिल्या धुण्यात आटते. खेळणं शिवून झाल्यावर ती आटली तर शिवणी ओढल्या जातात आणि ससा वाकडा होतो.

बाकी सामान थोडंच. पॉलिस्टरचा शिवणदोरा (तो सुती दोऱ्यापेक्षा चिवट असतो), बारीक सुई, भरतकामाचा सहापदरी दोरा, डोक्याला रंगीत मणी असलेल्या टाचण्या, धारदार कात्री, धुतल्यावर जाणारा खडू किंवा पेन, आणि उशीत भरतात तो पॉलिस्टर फायबर. सरकीचा कापूस चालतो, पण धुतल्यावर त्याच्या गुठळ्या होतात आणि तो आतून लवकर वाळत नाही. तांदूळ, डाळी, कडधान्यं मात्र खेळण्यात कधीच भरू नका. ओलावा लागला की बुरशी, नाहीतर कीड. आणि शिवण उसवली तर ते दाणे थेट लहान मुलाच्या तोंडात जातात. थर्माकोलच्या बारीक गोळ्यांचंही तेच.

टाचण्या मोजून घ्या आणि आकडा कागदावर लिहून ठेवा. काम संपल्यावर पुन्हा मोजा. ही सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे, कारण मऊ भरणात हरवलेली टाचणी बाहेरून हाताला लागत नाही.

कागदावर आधी

मोजा समोर ठेवून त्याच्याकडे जरा वेळ बघा. टाच कुठे जाईल? सशात आपण टाचेला चेहरा करणार आहोत. तो फुगवटा म्हणजे गाल आणि नाक. चवड्याचं गोल टोक म्हणजे बैठक, तळवा म्हणजे पोट आणि टाचेच्या वरची नळी मधून विभागली की दोन लांब कान. हत्ती करायचा असेल तर तीच टाच कपाळ होते आणि नळी निमुळती शिवली की सोंड. मोजा तोच, फक्त टाच कुणीकडे वळवली यावर प्राणी ठरतो.

मोज्यांच्या खेळण्यांमधलं सगळ्यात प्रसिद्ध माकड असंच टाचेतून जन्मलं. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या रॉकफर्ड इथली नेल्सन निटिंग कंपनी कामगारांसाठी जाड मोजे विणायची. नकली मालापासून आपला मोजा ओळखू यावा म्हणून १९३२ मध्ये तिने टाचेला लाल रंग दिला. घरोघरच्या बायकांनी त्या जुन्या मोज्यांची माकडं शिवली तेव्हा एका मोज्याची लाल टाच माकडाचं तोंड झाली आणि दुसऱ्याची बूड. १९५५ मध्ये कंपनीला त्या माकडाचं पेटंट मिळालं.

आराखडा काढताना एक हिशेब लक्षात ठेवा. सपाट ठेवलेला मोजा ९ सेंमी रुंद असेल तर त्याचा घेर १८ सेंमी. भरल्यावर ती नळी गोल होते आणि समोरून साधारण पावणेसहा सेंमी जाडीची दिसते. पण वीण ताणते. घेर चौथाईने वाढला तर जाडी सात सेंमीच्या पुढे जाते. म्हणजे कागदावरचं चित्र आणि हातातलं खेळणं यांच्या अंगलटीत फरक पडणारच. वीण आडवी जास्त ताणते, उभी कमी. त्यामुळे खेळणं लांब होत नाही, गुबगुबीत होतं. हात-पाय बारीक हवे असतील तर ते हवेत त्यापेक्षाही अरुंद काढा. पण शिवून झाल्यावर तीन सेंमीपेक्षा कमी रुंदी उरेल असं काही काढू नका. सुलटं करताना बोटच आत जात नाही, भरण तर दूरच.

शिवण आधी, कात्री नंतर

या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा : आधी शिवा, मग कापा.

माझ्या पहिल्या सशाचे कान मी कापडाचे कापतात तसे खडूच्या रेषेवर आधी कापले होते. कापताक्षणी कड गुंडाळायला लागली. टाचण्या लावून ती सरळ करावी तर दुसरीकडून वळायची. शिवताना माया (शिवणीच्या बाहेर सोडलेलं कापड) कुठे दोन मिलिमीटर उरली, कुठे तेवढीही नाही. भाचीने दुसऱ्याच दिवशी त्याला कानाला धरून उचललं आणि कान मुळापासून उसवला. ती रडली नाही, पण तुटलेला कान हातात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मावशी, याला दुखतंय." त्या दिवसापासून मी विणीच्या कापडाला शिवण घातल्याशिवाय कात्री लावलेली नाही.

आता ससा. मोजा उलटा करा. सपाट ठेवताना तो आपसूक टाच बाजूला येईल असा पडतो, कारण दुकानात तो तसाच घडी केलेला असतो. ती घडी मोडा. टाच बरोबर तुमच्या समोर, मधोमध यायला हवी. दोन्ही बाजूंना तिच्या रंगाची कड सारखी दिसते का ते पाहा. नवशिक्याचा चेहरा वाकडा येतो तो बहुतेकदा इथेच, शिवणीत नाही.

वरची घट्ट रबराची पट्टी कापून टाका. नाहीतर कानांची टोकं आवळल्यासारखी दिसतात. आधी शिवायचं या नियमाला हा एक अपवाद, कारण ही कड लगेच शिवणीत जाणार आहे. आता नळीच्या मधोमध वरून खाली एक सरळ रेष काढा आणि ती टाचेच्या फुगवट्याच्या तीन सेंमी वर थांबवा. या रेषेच्या दोन्ही बाजूंना कान. प्रत्येक कानाची बाहेरची बाजू म्हणजे मोज्याची घडीच, तिथे काही शिवायचं नाही. शिवण कानाच्या बाहेरच्या टोकापासून सुरू करा, वर गोलाई द्या आणि मधल्या रेषेपासून पाच-सहा मिलिमीटर माया सोडून खाली या. रेषेचं टोक दोन सेंमीवर आलं की थांबा. दुसऱ्या कानालाही तसंच. खाली दोन्ही कानांच्या मध्ये जी न शिवलेली जागा राहिली तिथूनच ससा सुलटा करायचा आणि भरायचा आहे.

हाताने शिवत असाल तर उलटी टीप घाला. सुई पुढे काढायची, एक टाका मागे जायचं, पुन्हा पुढे. टाका दोन ते तीन मिलिमीटरचा. धावदोरा, म्हणजे सुई नुसती वर-खाली नेत घातलेले साधे टाके, इथे उपयोगाचा नाही. वीण ताणली की त्याचे टाके विस्फारतात आणि मधून भरण डोकावतं. दोरा हातभर लांब आणि दुहेरी घ्या. त्याहून लांब घेतला तर गुंता होतो आणि वेळ वाचत नाही. दर पाच-सहा टाक्यांनी शिवण दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहा, दोरा कचकच आवळला गेला असेल तर लगेच कळतं. मशीनवर शिवत असाल तर विणीच्या कापडासाठी मिळणारी गोल टोकाची, ११ नंबरची सुई लावा आणि अरुंद झिगझॅग टीप घाला. साध्या टोकाची सुई धागा तोडत जाते आणि टाके सुटतात. कापड मागून ओढू नका, मशीनला आपल्या गतीने नेऊ द्या.

शिवण जिथे संपते तिथे त्याच जागी तीन टाके घ्या, कारण भरताना सगळा ताण या दोन टोकांवर येतो. आता मधल्या रेषेवर दोन्ही थर एकदम कापा, थेट रेषेच्या टोकापर्यंत. कानांच्या टोकांजवळची माया तीन मिलिमीटरवर आणा म्हणजे गोलाई नीट उलटते. रेषेच्या टोकाशी, जिथे काप संपतो, तिथे पुढच्या आणि मागच्या थरावर वेगवेगळे तीन-चार काज टाके (बटणाच्या काजाच्या कडेला घालतात तसे) घ्या. भरताना उसवण सुरू होते ती याच कोपऱ्यातून.

भरण

उघड्या जागेतून ससा सुलटा करा. कानांची टोकं बाहेर काढायला पेन्सिलची मागची, बोथट बाजू वापरा. कात्रीचं टोक नको.

भरणाला लोक घाई करतात. मला विचाराल तर खेळण्याचा जीव इथेच असतो. फायबर पाकिटातून काढला तसा कोंबू नका, आधी बोटांनी पिंजून मोकळा करा. पोटासाठी मोठा, एकसंध पुंजका घ्या. छोटे-छोटे गोळे एकावर एक ठेवले की बाहेरून खळगे दिसतात, आणि मोज्याची वीण कुठलाच खळगा लपवत नाही. चवड्याच्या कोपऱ्यांपासून सुरुवात करा, कडेने भरत या आणि मधला भाग शेवटी. मग खेळणं उभं धरा, दोन्ही तळव्यांमध्ये घेऊन पोळीच्या कणकेसारखं हलकं मळा. भरण कुठे बसलं आणि कुठे पोकळ राहिलं ते तळव्याला समजतं.

किती भरायचं? बोटाने दाबल्यावर पोट आत जावं आणि बोट काढताच परत यावं. डोकं पोटापेक्षा घट्ट हवं, आणि मान सगळ्यात घट्ट. मूल खेळणं मानेलाच धरून फिरतं. तिथलं भरण दबतं आणि आठवडाभरात डोकं लटकायला लागतं. टाचेचा फुगवटा आतून बोटाने बाहेर ढकलून भरा, म्हणजे गाल वर येतात. कान मी रिकामेच ठेवते. रिकामा कान लोंबतो आणि मुलांना तो बोटांत धरून चोळत झोपायला आवडतं.

भरायची उघडी जागा बंद करायला आतून घ्यायचा टाका शिकून घ्या. फार सोपा आहे. दोन्ही कडा आत दुमडा. एका कडेच्या घडीतून तीन मिलिमीटर सुई न्या, समोर बाहेर काढा, तिथूनच समोरच्या कडेत शिरा, पुन्हा तीन मिलिमीटर. टाके शिडीच्या पायऱ्यांसारखे दिसतील. पाच-सहा पायऱ्या झाल्या की दोरा ओढा, शिडी मिटते आणि शिवण दिसेनाशी होते. गाठ मारल्यावर सुई अंगातून दूर कुठेतरी बाहेर काढा, दोरा जरा ताणून कापा. टोक आत निघून जातं.

मानेसाठी टाचेच्या फुगवट्याच्या खाली, गोल फिरून दुहेरी दोऱ्याने धावदोरा घाला. इथे तोच हवा, कारण आवळायचं आहे. पाच-सहा मिलिमीटरचे टाके, मग ओढा, दोरा भोवती दोनदा गुंडाळा आणि पक्की गाठ मारा. फार आवळू नका. मान पोटाच्या निम्म्या जाडीपेक्षा बारीक झाली की डोकं डुगडुगतं.

हात आणि शेपूट दुसऱ्या मोज्यातून. त्याची नळी उलटी करून सपाट ठेवा, त्यावर बोटाच्या आकाराचे दोन हात काढा, चार-पाच सेंमी रुंद आणि नऊ सेंमी लांब. लांबी विणीच्या उभ्या ओळींच्या दिशेने ठेवा. आडवे काढले तर हात लोंबकळत वाढत जातात. इथेही तेच, शिवा, मग भोवतीने कापा. हात खांद्यापाशी पूर्ण भरू नका. वरचा दोन सेंमी भाग सैल ठेवला तर हात हलतो. जोडताना आतल्या टाक्यानेच, पण दोन फेरे. एक फेरा मुलांच्या ओढाताणीला पुरत नाही. शेपटासाठी सहा सेंमीचं वर्तुळ कापा, कडेने धावदोरा घालून आवळा, आत चिमूटभर फायबर, झाला गोंडा. याच्या कडा आत जातात, म्हणून इथे आधी कापलं तरी चालतं.

चेहरा

ऑस्ट्रियन प्राणीशास्त्रज्ञ कॉनराड लॉरेंझ यांनी १९४३ मध्ये असं मांडलं की मोठं डोकं, उंच कपाळ आणि चेहऱ्याच्या मध्याखाली असलेले मोठे डोळे पाहिले की माणसाला बाळाची माया वाटते. शिवताना याचा सरळ उपयोग होतो. डोळे आपल्याला वाटतात त्यापेक्षा खाली आणि एकमेकांपासून दूर ठेवा. दोन टाचण्या डोळ्यांच्या जागी खोचा आणि हातभर अंतरावरून बघा. मग दोन्ही एक सेंमी खाली सरकवा, पुन्हा बघा. ससा आधी मोठ्या माणसासारखा गंभीर दिसतो आणि खाली येता येता लहान होत जातो. हे मी कितीदा पाहिलं तरी मला दर वेळी नवलच वाटतं. पसंत पडलेली जागा खडूने टिपा आणि टाचण्या लगेच काढा.

डोळे भरतकामानेच करा. बटण, मणी, प्लॅस्टिकचे डोळे तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला नकोतच. कितीही घट्ट शिवलं तरी चावून-चावून दोरा झिजतो. अमेरिकेच्या सुरक्षा नियमात ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक आखूड नळी वापरतात. जो तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो या वयाच्या मुलाच्या घशात अडकण्याइतका लहान मानला जातो. शर्टाचं कुठलंही बटण तिच्यात सहज मावतं.

सहापदरी दोऱ्यातले तीन पदर घ्या. सुई मानेच्या मागून आत घालून डोळ्याच्या जागी बाहेर काढा, म्हणजे गाठ मागे लपते. लहान वर्तुळ उलट्या टिपेने काढा आणि आत भरीव टाक्याने, म्हणजे एकमेकांना लागून घातलेल्या सरळ टाक्यांनी, भरा. टाके ओढू नका, नाहीतर वीण गोळा होते. दोन्ही डोळे झाल्यावर साध्या दोऱ्याने एका डोळ्याच्या कडेतून दुसऱ्याच्या कडेपर्यंत डोक्यातून दोनदा सुई नेऊन जराशी ओढली तर डोळ्यांपाशी खोलगट भाग येतो आणि गाल आणखी उठून दिसतात. नाक म्हणजे छोटा उलटा त्रिकोण. तोंडाची रेष काढलीच पाहिजे असं नाही. तोंड नसलेला ससा मुलाबरोबर हसतोही आणि रुसतोही, म्हणून मी बहुतेकदा ते काढत नाही.

गळ्यात रिबीन बांधायचा मोह होतो. बांधायचीच तर ती आखूड ठेवा आणि मानेला टाके घालून पक्की करा, लोंबणारं टोक नको. वर्षाच्या आतल्या बाळाच्या झोपण्याच्या जागी तर कुठलंच मऊ खेळणं ठेवू नये, कितीही प्रेमाने शिवलेलं असलं तरी. जागेपणी, आपल्या समोर खेळू द्या.

मुलाच्या हाती देण्याआधी

टाचण्या मोजा. मग दोन्ही हातांनी प्रत्येक जोड ओढा. कान, हात, शेपूट, मान, सगळं. भीड न धरता ओढा, मूल धरणार नाही. शिवणीत फट दिसली तर तिथे दुसरा फेरा घाला. शेवटी सगळं अंग हळूहळू दाबत जा, आत सुईचं तुटलेलं टोक नाही ना हे बोटांना कळू द्या.

धुताना उशीच्या अभ्र्यात घालून अभ्र्याचं तोंड बांधा आणि थंड पाण्यात, हलक्या फेऱ्यावर फिरवा. पिळू नका. टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि मोकळ्या हवेत वाळवा. बाहेरून कोरडं लागलं तरी आतून ओलं असतं, म्हणून आणखी एक दिवस जाऊ द्या.

पुढचं खेळणं मुलालाच काढू द्या. त्याने काढलेल्या प्राण्याला तीन पाय असतील, डोकं अंगापेक्षा मोठं असेल. ते दुरुस्त करू नका. फक्त बारीक रेषांच्या जागी जाड हातपाय घ्या म्हणजे भरण जाईल, आणि टाच कुठे येणार ते त्यालाच विचारा. लहान झालेले त्याचेच मोजे असतील तर आणखी छान, त्यांतून तळहाताएवढे मासे आणि पक्षी होतात. गुडघ्यापर्यंतचा लांब मोजा असेल तर काहीच न कापता साप करता येतो. भरा, तोंड शिवा, डोळे भरा, झालं. त्यालाच पाच-सहा ठिकाणी धावदोऱ्याने आवळलं की सुरवंट.

आणि उरलेला फायबर, त्याच रंगाचा थोडा दोरा आणि मोज्याचा एखादा तुकडा एका पिशवीत ठेवून वर खेळण्याचं नाव लिहा. आवडत्या खेळण्याचा कान सहा महिन्यांनी सुटतोच, आणि तेव्हा त्याच मोज्याचा तुकडा दुसरीकडे कुठेही मिळत नाही.